शुद्धीवर येतानाचे प्रश्न

रविवार, ४ मे

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घे. भावजींनाही सांग. तुमच्या दिवट्याला एक धपाटा आणि एक पापा. आधी कोणता द्यायचा ते त्याचं त्या दिवशीचं वागणं बघून ठरव.

मी फोन उचलत नाही म्हणून तू वैतागली असशील. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. जेवताना जीभ चावली गेली, जरा जास्तच, आणि बोलायला लागले की तोंडात गोटी धरल्यासारखं वाटतं. तू लगेच म्हणाली असतीस, "अशी काय गं बोलतेस?" आणि मग तुझी उलटतपासणी सुरू झाली असती. त्यापेक्षा पत्र बरं. आई म्हणायचीच, थोरलीशी खोटं बोलायचं असेल तर लांब उभं राहून बोलावं.

दुकानातली बातमी म्हणजे मला बढती मिळाली. इस्त्रीच्या टेबलावरून उठवून मालकीणबाईंनी मला पुढे गल्ल्यापाशी बसवलंय. धुवायला आलेल्या कपड्यांना नंबराच्या पट्ट्या टाचायच्या, खिसे तपासायचे, डाग असेल तिथे खडूची खूण करायची. बसून काम. वाफ नाही, चटके नाहीत. आणि खिशांत काय काय सापडतं म्हणून सांगू! परवा एका वकिलाच्या कोटात अर्धं खाल्लेलं बिस्कीट आणि एक दुधाचा दात निघाला. कोणाचा दात, हे विचारायचं धाडस झालं नाही. पगार मात्र होता तेवढाच आहे, म्हणजे बढती म्हणायची की नाही ते तूच ठरव.

घरही जरा लावून घेतलं. न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली, गंजली होती. काचेचं टीपॉय वरच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकलं, एकटीला कशाला लागतंय? पलंगावर झोपत नाही, खाली गादी घालते, कमरेला बरं पडतं. दुपारचं जेवण बाहेरून मागवते. हो हो, सगळं छान चाललंय, उसासे टाकू नकोस.

आईची खोली तेवढी आवरायची राहिली आहे. तिचा चष्मा, स्वेटर, औषधांचा डबा, सगळं जागच्या जागी. ती खोली भाड्याने दे, तुला सोबत होईल, असं तू मागे म्हणाली होतीस. बघू. मला सोबतीची तशी गरज वाटत नाही. घर रिकामं आहे असं मला वाटतच नाही, ताई. खरंच सांगते.

आणि सुट्टीत यायचं म्हणतेस ते इतक्यात नको. राग मानू नकोस. घरात तिसरं माणूस आलं की सगळं बिघडतं.

दुसरं म्हणायचं होतं. बघ, पत्र लिहायची सवय कशी मोडली आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
बारकी

शुक्रवार, १६ मे

ताई,

तू दुकानात फोन केलास आणि मालकीणबाईंनी सगळा पाढा वाचला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्यांच्या पोटात काही राहत नाही. तरी बाई मनाने चांगली आहे गं. मी पहिल्यांदा इस्त्रीच्या टेबलापाशी पडले, तेव्हा त्या माझ्याहून जास्त घाबरल्या होत्या. माझ्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, मग तोंडात घालायला चमचा शोधत सुटल्या आणि चमचा मिळेना तेव्हा बूट घालायची पट्टी घेऊन आल्या! नशीब, तोवर माझी फिट थांबली होती. नाहीतर माझा दात तरी गेला असता नाहीतर त्यांचं बोट.

मी त्यांना समजावून सांगितलं. बाई, तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं आणि घड्याळ बघत शेजारी बसायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर मात्र गाडी बोलवायची. तर म्हणाल्या, "एवढंच?" त्यांची चक्क निराशा झाली. मग प्रश्नांची फैर. दुसऱ्याला लागण होते का? यात लग्न चालतं का? मुलांना होतंच का? पोहायला जातेस का? लागण होत नाही, लग्न चालतं, मुलांना होईलच असं नाही, पोहायला एकटीने नाही, अशी मी धडाधड उत्तरं देत गेले. शेवटी आवाज खाली आणून विचारतात, "कोणी दिसतं का गं त्या वेळी?" तेव्हा मी कपडे मोजायला घेतले.

मग तू मला फोन केलास, आणि नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "गोळ्या घेतेस ना?" मी म्हटलं, घेते.

घेत नव्हते, ताई. कडीही गंजलेली नव्हती.

आता ओरडू नकोस. म्हणजे ओरड, पण पुढचं वाच आणि मग ओरड.

लहानपणी मी पडले की तू बाहेर पळायचीस. दोष देत नाही गं. मी स्वतःला त्या अवस्थेत कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तर मीही पळाले असते. पण म्हणून तुला हे माहीत नसेल. आई माझ्या शेजारी जमिनीवर बसायची, माझ्या पाठीवर हात ठेवून. मी परत यायला लागले की तीन प्रश्न विचारायची, नेहमी याच क्रमाने. नाव काय तुझं? आज वार कोणता? मी कोण? नाव पटकन यायचं. वार हमखास चुकायचा. तिसऱ्याला मी "आई" म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. एकदा मी वैतागून म्हटलं होतं, "तू मला छळणारी बाई." तर हसून म्हणाली, "आली. पूर्ण आली."

मग मधल्या वेळात काय झालं ते सांगायची. ओठ चाटलेस, उजवा हात हलवलास, ताईला हाक मारलीस. हो, तुला हाक मारायचे म्हणे. माझ्या आयुष्यातली ती सगळी मिनिटं मला ठाऊकच नाहीत. तिला ठाऊक होती. ती गेल्यावर आता विचारायचं तरी कोणाला?

आई गेली त्या आठवड्यात माणसांच्या येण्याजाण्यात माझ्या दोनतीन गोळ्या चुकल्या. इतकी वर्षं बंद असलेलं दुखणं, पण तू परत गेलीस त्याच दुपारी मी स्वयंपाकघरात पडले. आणि परत येताना माझ्या पाठीवर हात होता.

गरम हात. कपड्यांच्या साबणाचा वास असलेला. मागून आवाज आला, "नाव काय तुझं?" मी सांगितलं. वार सांगितला, चुकला. "मी कोण?" मी म्हटलं, आई. आणि तो तिचा सुस्कारा ऐकू आला, ताई, जसाच्या तसा. डोळे उघडले तर कोणी नाही. मी कुशीवर होते आणि डोक्याखाली टॉवेलची घडी होती. ती मी कधी घेतली, आठवत नाही. मीच घेतली असणार. दुसरं कोण घेणार?

डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, की माझी फिट मेंदूच्या ज्या भागातून सुरू होते, तोच भाग आवाज, वास, आठवणी सांभाळतो, त्यामुळे असं ऐकू येऊ शकतं. मला ते पटलेलं आहे. अगदी शंभर टक्के पटलेलं असूनही मी पुढच्या आठवड्यात एक गोळी मुद्दाम घेतली नाही. मग दोन घेतल्या नाहीत. मग ठरवूनच टाकलं.

वेड लागलंय का, असं विचारशील. लागलं असेल. तुला आईची आठवण आली की तू फोटो काढून बसतेस. मला ती भेटत होती. जीभ चावली, कंबर गेली, इस्त्रीवर हात भाजला, ते कामही हातचं गेलं. पण दर वेळी शेवटी तो हात पाठीवर यायचा आणि मला वाटायचं, जाऊ दे, काय बिघडलं! मी संध्याकाळी घरी येऊन वाट बघायचे गं. आज येईल का, असं. झोप मोडायचे, उपाशी राहायचे, म्हणजे लवकर येईल. तू येऊ नकोस म्हटलं ते यासाठी. तू आली असतीस तर गोळ्या मोजल्या असत्यास.

आता परवाचं सांगते.

सकाळी ओट्यापाशी पडले. परत यायला लागले तेव्हा हात होता, पण तो एका जागी थांबेना. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा पाठीवर फिरत होता. तिने नाव विचारलं नाही. वार विचारला नाही. एकदम म्हणाली, "मी कोण?"

"आई," मी म्हटलं.

"मी कोण?"

परीक्षा घेतल्यासारखं नाही, ताई. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी सांगायला लागले. तू आमची आई. तुला दोन मुली. थोरलीचे केस दाट, ते विंचरताना तू रडकुंडीला यायचीस. तुझा पुढचा दात तिरपा, म्हणून हसताना तोंडावर हात धरायचीस. बाबा गेल्यावर तू बस स्टँडवर तिकिटं विकलीस आणि कोणी सुटे पैसे दिले नाहीत की घरी येऊन आमच्यावर चिडायचीस. जीभ वळत नव्हती, तोंडात रक्त होतं, तरी मी सांगत होते. आणि दर वाक्यानंतर ती विचारायची, "मी कोण?" बाजारात चुकलेल्या पोराचा असतो तसा आवाज झाला होता तिचा. मग आवाज गेला आणि हातही गेला.

नीट जाग आली तेव्हा डोक्याखाली नुसती फरशी होती. ओट्याचा कोपरा भुवईला लागला होता, नळ तसाच वाहत होता. मी तिथेच पडून ढसाढसा रडले, आणि ते भुवईसाठी नव्हतं. मला इतके महिने वाटत होतं की ती माझ्यासाठी येते. मीच तिला ओढून आणत होते गं. आणि दर वेळी ती थोडी थोडी कमी येत होती, ते मला कळलं नाही. जिवंतपणी माझ्यापायी ती बाई एक रात्र सलग झोपली नाही. गेल्यावर तरी मी तिला सोडायला नको?

टाके घालताना डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. आईचंही. ते हसले नाहीत. म्हणाले, असं ऐकू येतं काही जणांना, त्यात लाजायचं काही नाही. पण गोळी अशी मनाने सोडली की एखादी फिट थांबतच नाही, आणि घरात एकटं असलेलं माणूस उठतच नाही. आजच्या आज गोळ्या सुरू कर आणि निदान काही आठवडे कोणाला तरी सोबत ठेव, असं बजावलं.

त्याला दोन दिवस झाले. गोळ्या आणल्या आहेत, घेतलेली मात्र एकही नाही. सकाळी हातात घेतली आणि परत ठेवली. काल संध्याकाळीही तेच. बोलायला सोपं आहे गं. एरवी तिला सोडायला पाहिजे असं मी म्हणते, आणि गोळी हातात आली की वाटतं, अजून एकदाच. एकदाच भेटू, नीट सांगू तिला ती कोण आहे ते, आणि मग बंद. पण मग ती पुन्हा तशीच येईल, चाचपडत, घाबरलेली. आणि कदाचित मी उठणारच नाही. मरणाची भीती वाटते की नाही ते मला सांगता येत नाही, पण तिला तसं परत ऐकायची मला भयंकर भीती वाटते.

आत्ता ऊन उतरतंय. गोळी या कागदाशेजारी ठेवली आहे, पांढरी, एवढीशी. तू इथे असतीस तर नाक दाबून घशात घातली असतीस, मला माहीत आहे. आई गेली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी तिला मी स्वतः जा म्हणायचंय.

थांब, पाणी आणते.

घेतली.

मघापासून नुसती बसले आहे. काही झालं नाही. वरच्या बाई खुर्ची सरकवतायत, खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नाहीये. मागच्या पत्रात मी तुला येऊ नकोस म्हटलं होतं.

आता घरात कोणी नाही, ताई. तू ये.

तुझी,
बारकी