खंडेनवमीचा पंख

मुलुंड, ५ नोव्हेंबर १९८८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फराळाचा डबा एस.टी.ने पाठवला आहे. चकल्या मऊ पडल्या असतील तर दोष देवगडच्या हवेला द्यावा, मला नाही.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी नेमकं करते काय, असं तू विचारलंस. आमच्याकडे निकेल आणि टायटॅनियमची एक बारीक तार आहे. भट्टीत तापवताना तिला जो आकार द्यावा, तो ती लक्षात ठेवते. नंतर कितीही सरळ केली, तरी थोडी ऊब मिळताच मूळ आकारावर येते. वर्तक सरांनी ती विमानाच्या हातभर लांब पंखात बसवली आहे. वीज सोडली की तार तापते आणि बिजागरीशिवाय पंखाचं टोक वाकतं, घारीचं वाकतं तसं. पाच वर्षं ते चार अंशांवर अडलं होतं. दसऱ्यानंतर एकदम नऊ! सरांना वाटतं, त्यांची नवी आकडेमोड जुळली. डिसेंबरात ते बंगलोरच्या परिषदेत निबंध वाचणार आणि जानेवारीअखेर निवृत्त होणार. निबंधावर दुसरं नाव माझं आहे. चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते लिहिते. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या हत्यारांची पूजा मी करते, नाना घरी करायचे तशी. पंखाचं आवरण तेव्हा काढलेलं होतं. झेंडूचा हार जड झाला, टोक झुकलं, आणि निरांजन नेमकं तारेखाली आलं. हाराचा दोरा करपल्याचा वास आला तेव्हा माझं लक्ष गेलं. दोरा मी गुपचूप काढून टाकला. नोंदवहीही पूजेत मांडलेली. त्या दिवशी तिला हात लावायचा नाही, म्हणून लिहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी का लिहिलं नाही, याचं उत्तर मला सापडत नाही.

ते नऊ अंश सरांचे की निरांजनाचे, दादा? तुझं मत कळव. वहिनीस नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सुलू


देवगड, १६ नोव्हेंबर १९८८

चि. सुलूस,
अ. उ. आ.

चकल्या मऊ नव्हत्या गं, दगड होत्या. तुझ्या वहिनीने कढीत भिजवून खाल्ल्या.

तुझं पत्र वाचून घाटकोपरची खोली आठवली. नाना सांताक्रूझच्या विमानदुरुस्तीचे पाने रॉकेलने धुऊन वर्तमानपत्रावर मांडायचे आणि कोणी गंध लावायचं यावरून आपण भांडायचो. एका वर्षी मी गंमत म्हणून एक पाना पिंपामागे लपवला. नानांचा चेहरा पांढरा पडला. पाना विमानाच्या पोटात राहिला असेल, उड्डाण थांबवायला हवं, म्हणून ते चपला घालून निघाले, आणि तू माझं नाव सांगितलंस. काय बदडलं होतं मला! तुझी चहाडीची खोड जुनीच आहे.

पण तेव्हा विमान खरंच उडणार होतं. तुझा पंख टेबलावर आहे, त्याने कोणी मरणार नाही. म्हातारा माणूस दोन महिन्यांत घरी जाईल, त्याला खुशीने जाऊ दे. तुझंही नाव छापून येईल. गप्प राहा. हे थोरल्या भावाचं सांगणं समज. तब्येतीस जप आणि मधूनमधून दोन ओळी टाकत जा.

तुझा,
सहदेव


मुलुंड, ४ डिसेंबर १९८८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकून आठ दिवस गप्प राहिले. सर रोज निबंध सुधारत होते आणि टंकलेली पानं मला वाचायला देत होते. मी स्वल्पविराम तपासत होते. नवव्या दिवशी नवी तार बसवली. चार अंश. मग टोकाला हाराएवढं वजन टांगलं, खाली निरांजन धरलं आणि निवल्यावर वीज सोडली. नऊ अंश.

सरांना सगळं सांगितलं. हे आणखी कोणाला माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. देवगडला भाऊ आहे म्हटल्यावर म्हणाले की मग साऱ्या कोकणाला माहीत असणार. मला वाटलं, हसतील. त्यांनी निबंध पाकिटातून काढून खणात ठेवला आणि परिषदेला नकाराचं पत्र लिहायला घेतलं. आकडेमोडीची पाच वर्षांची वही त्यांनी माझ्यासमोर मिटली, ते मला बघवलं नाही. तेव्हापासून बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवतात.

मी खरं बोलले ते खऱ्यासाठी, की माझ्या डोक्यावरचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवायला? हेच सहा आठवड्यांपूर्वी सांगितलं असतं तर ते एवढे उंच चढलेच नसते. त्यांना लागलं ते माझ्या उशिराने. रागावू नकोस, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी,
सुलू


देवगड, १५ डिसेंबर १९८८

चि. सुलूस,
अ. उ. आ.

रागावू कशाला? तुझी वहिनी मलाच बोलली, की असला सल्ला देताना लाज कशी वाटली नाही. त्या दिवशी मला बदडल्यावर नानांनी तुला जवळ बसवून चहा पाजला होता, बशीतून. मला ते फार लागलं होतं. तू ते विसरली असशील, मी नाही. सरांचं काय झालं ते कळव. आम्हा दोघांना काळजी आहे.

तुझा,
सहदेव


मुलुंड, १८ फेब्रुवारी १९८९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सरांचा निरोप समारंभ झाला. त्यांनी शिपाई सीतारामपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. माझं नाव घेतलं नाही. मी टाळ्या वाजवल्या आणि घरी आले.

परवा गुरुवारी सकाळी मी तारा गुंडाळत होते, तर सीताराम धावत वर आला. सर फाटकावर उभे आहेत म्हणाला. आता ओळखपत्र नाही, म्हणून पहारेकऱ्याने त्यांना पाहुण्यांच्या वहीत नोंद करायला लावली, आणि सर मुकाट्याने लिहीत आहेत. त्यांना तसं अडवलं याची मलाच लाज वाटली. खाली पळाले.

सरांनी नमस्कारसुद्धा केला नाही. ज्योत तारेखाली किती वेळ होती, एवढंच विचारलं. अंदाजे पाच मिनिटं, मी म्हणाले. अंदाज चालणार नाही, घड्याळ लावून पुन्हा करू, असं म्हणत ते माझ्याआधी जिना चढू लागले.

मी वहीकडे पाहिलं. कोणाला भेटायचे आहे, या रकान्यात त्यांच्या तिरप्या अक्षरात माझं पूर्ण नाव होतं.

वहिनीस सांग. आता तुम्ही दोघांनी मेमध्ये यायचंच, आणि तोवर पत्रातून जीव लावत राहायचा.

तुझी,
सुलू