तुझा आवाज टोचतो म्हणे

माय, तुझा आवाज कानाला टोचतो म्हणतात. म्हणजे लातूरच्या खोलीत भरलेल्या त्या एकुलत्या एक कॅसेटमधला. तुझ्या नातवानं ती कॉम्प्युटरवर उतरवून पेनड्राइव्हवर दिली आणि मी ती इथं नांदेडला, रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेल्या म्युझिक सिस्टीमवर लावली. तू गायला लागलीस की प्रत्येक 'स' आणि 'श' सुईसारखा कानात घुसतो, आणि वरच्या पट्टीत गेलीस की आवाज फाटतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, स्पीकरच खराब निघाले. रिक्षात घालून ते दुकानात नेले. दुकानदार भला माणूस. त्यानं तुझं गाणं ऐकलं, मग त्याच स्पीकरवर दुसऱ्या एका बाईचं लावलं, तर ते लोण्यासारखं मऊ वाजलं. "मॅडम, स्पीकर में कुछ नै है, रिकॉर्डिंगच खराब है," तो म्हणाला. मी हट्टानं दुकानातले सगळ्यात भारी स्पीकर लावायला लावले. त्यांच्यावर तू आणखीच टोचलीस. चांगला स्पीकर काही झाकत नाही, असेल ते तोंडावर सांगतो, हे मला तेव्हा कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला.

रिकॉर्डिंग तसं का झालं ते कुणी मला शिकवू नये. मी तिथं होते. लातूर नुकताच जिल्हा झालाय, बाबांना नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागलीय आणि आपण गाव सोडून एका खोलीत राहायला आलोय. जिल्ह्याला नवे बोर्ड लागलेत, नव्या खुर्च्या आल्यात, नळाला तेवढं पाणी नाही. पावसानं पुन्हा दगा दिलाय. तू सकाळपासून टँकरच्या रांगेत भांडून आलीस, घसा कोरडा पडलाय. मामा कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणतो, चुलीजवळच्या पिठाच्या डब्यावर ठेवतो, बटणं दाबतो आणि म्हणतो, "अक्का, लांबून म्हण. मशीन आवाज ओढून घेतंय." तू ऐकतेस थोडीच. डबा पुढ्यात ओढतेस, टेपच्या जाळीला ओठ टेकवतेस आणि जयंतीच्या स्टेजवर म्हणायचीस तशी मोकळ्या गळ्यानं सुरू होतेस. मामा डोक्याला हात लावून बसतो. आपल्या गायन पार्टीतल्या सगळ्याच बायांना ती सवय होती. झाडावरच्या लोखंडी भोंग्यावर गाणं म्हणजे माइक ओठाला लावूनच, नाहीतर भोंगा नुसता खरखरतो आणि आवाज वस्तीबाहेर जात नाही.

तुला तर तो वस्तीबाहेरच पोचवायचा असायचा. त्याच्याही आधीच्या मोठ्या दुष्काळात, मी लहान होते तेव्हा, आपल्या वस्तीची विहीर आटली. गावच्या विहिरीला पाणी होतं, पण आपण घागरी खाली ठेवायच्या आणि कुणी येऊन वरून पाणी वाढेपर्यंत उन्हात बसून राहायचं. तिथून उठून तू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचीस. या साली जयंती नको, असं आपलीच शहाणी माणसं म्हणाली. तू भोंगा लिंबावर बांधायला लावलास आणि त्याचं तोंड गावच्या विहिरीकडं करवलंस. तू गायला लागलीस तशी मला भीती वाटली. मी तुझं लुगडं धरून म्हणाले, "माय, हळू म्हण की." गाणं थांबवून तू माइकवरच मला रागावलीस, "हळू म्हणाया काय चोरी करून राहिले का मी?" अख्ख्या गावानं ते ऐकलं असणार. दुसऱ्या दिवशी पाणी वाढणाऱ्या बाईनं निम्मं पाणी मुद्दाम बाहेर सांडलं. तू त्या दिवशी खाली बसली नाहीस, घागर भरेपर्यंत उभीच राहिलीस.

हे सारं मी तुझ्या नातवाला सांगितलं. विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून तो इंजिनिअर झालाय, पोरगा वाईट नाही. तुला जाऊन कैक वर्षं झाली, यंदा तुझ्या स्मरणाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवलाय, तिथं त्याला तुझं गाणं लावायचंय. "मम्मी, पाहुणे कानावर हात ठेवतील. मी फक्त टोचणारं तेवढं कमी करतो, आजी तीच राहील," म्हणाला. दोन दिवस खपून त्यानं ते करून आणलं. सगळे 'स' मऊ झाले होते, फाटणं गेलं होतं. आवाज गोड होता, नाही म्हणत नाही. पण जिला पाण्यासाठी कधी कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही, अशी कुणीतरी बाई गात होती. मी म्हणाले, "ही तुझी आजी न्हाई. पुसून टाक." तो म्हणाला, "पण लोकांचे कान दुखतील." मी म्हणाले, "दुखू दे. तिचा घसा दुखला होता." त्यानं माझ्यासमोर ते पुसलं. कार्यक्रमात आहे तस्संच लागेल, आणि ज्याला सोसणार नाही त्यानं मंडपाबाहेर जाऊन चहा प्यावा.

उठता उठता त्यानं विचारलं, "मम्मी, घरात पण आजीचा आवाज असाच होता का? तुला हाक मारायची, तेव्हा?" मी ताडकन म्हणाले, "हाव. असाच होता." तो गेला. मी सिस्टीम बंद करून हे लिहायला बसले. हे कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, मग इथं तरी खरं लिहावं. तुझे शब्द मला आठवतात, ते रागावणंही आठवतं, पण सगळं त्या कॅसेटमधल्या आवाजातच ऐकू येतं. तू मला हाक कशी मारायचीस, माय, ते मला आठवत नाही.