पत्र्याची चव

८ जानेवारी

रेती बंद! गजेंद्रनं शेवटी माझ्या पत्रावर सही केली. तीन महिने त्याच्या मागे लागलो होतो. अकोल्यातली त्याची शेड म्हणजे हवेच्या झोतानं लोखंडावर रेती मारायची, गंज उडवायचा, मग रंग चढवायचा. पत्रव्यवहार माझ्याकडे. शाळेत असताना संस्कृतात याला मी पस्तीस गुण दिले होते, तेही माझ्या दयाळू काळात. आता त्याच्याच चेकवर अमरावती-अकोला एसटीचा पास निघतो. नियतीलाही विनोद कळतो.

झोत धरतात नत्थुजी. बावीस वर्षं. रेतीची धूळ छातीत बसली की निघत नाही. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलंय, यापुढे रेती नको. तीन पायऱ्या चढले की थांबतात, आणि बुटाची नाडी बांधायला वाकतात. पायात चपला!

मग रेतीऐवजी काय? तांब्याच्या भट्टीची मळी पिण्याच्या टाकीला नको. पोलादी कण आमच्या उघड्या शेडमध्ये गंजतात. उरलं गार्नेट, लालसर खड्यांचा चुरा. नत्थुजींना म्हटलं, आपला गोमेद याच जातीचा, राहूचं रत्न.

‘म्हंजे बावीस वर्सं राहू मांगं होता, आता हातातच देऊन राहिले!’

१९ जानेवारी

तिवशाकडच्या एका गावाची पिण्याच्या पाण्याची टाकी आलीय. गार्नेटचं पहिलं काम. धूळ इतकी कमी की झोत चालू असताना नत्थुजी दिसले! आजवर नुसता ढग खोकायचा.

एकदा मारलेलं गार्नेट मळकं दिसत होतं. मी म्हटलं, धुऊन, वाळवून पुन्हा घ्या. शुद्धीचं वेड आमच्या घराण्यात फार जुनं. शेडच्या बोअरवर धुतलं.

रंगाआधी नत्थुजींनी पत्र्याला जीभ लावली. ही इथली रीत. मीठ डोळ्याला दिसत नाही, पण रंगाखाली राहिलं तर फोड येतात. मीठ तपासायचं यंत्र आहे. गजेंद्र त्यावर टोपी ठेवतो. ‘मशीन चुकन सर, हे तेल्हाऱ्याचे हायेत. खाऱ्या पान्यावर वाढलेला मानूस!’ नत्थुजींनी होकार दिल्याशिवाय रंगाचा डबा उघडत नाही. त्या क्षणी सगळी शेड त्यांच्या तोंडाकडे बघते. मालकसुद्धा.

‘गोड,’ नत्थुजी म्हणाले.

३ फेब्रुवारी

नत्थुजींच्या जाईबाईंनी नवऱ्याच्या डब्यात माझ्यासाठीही वांग्याची भाजी दिली. मीठ नक्की दोनदा पडलं असावं. माझ्या घशाखाली उतरेना. नत्थुजींनी डबा पुसून खाल्ला!

‘एवढं मुकाट्यानं? जाईबाईंचा धाक दिसतो.’

‘धाक नाई सर. तीस वर्साचा सवसार हाय.’

हसलो. घरी येऊन हिलाही सांगितलं. हीही हसली.

२२ मार्च

नत्थुजी तीन पायऱ्या न थांबता चढले. कोणी काही बोललं नाही. मीही नाही — दृष्ट लागेल असं वाटलं. पंचवीस वर्षं शिकवून माणूस इतकाच शहाणा होतो.

२७ एप्रिल

तिवशाकडच्या त्या टाकीत फोड. आतल्या बाजूला, अंगठ्याच्या नखाएवढे. टोचले तर पाणी! जेमतेम तीन महिने झाले.

गजेंद्र मला बाजूला घेऊनही गेला नाही. सगळ्यांसमोर, ‘निघालं तुमचं रत्न, सर! तीस तारखेपासून रेती. तसं पत्र लिवून द्या.’

नत्थुजी हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

२८ एप्रिल

रेतीचा ट्रक आला. नत्थुजी उतरवायला गेले.

२९ एप्रिल

पिण्याच्या पाण्याचा कॅन संपला होता. चूळ भरायला बोअरवर गेलो. खारं!

तसाच उभा राहिलो. दोन वर्षं येतोय इथं, सगळे कॅनचंच पितो, एकदाही हे पाणी तोंडात घेतलं नव्हतं. अमरावतीच्या नळावर वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. ‘धुऊन घ्या’ कोण म्हणालं? मी. गार्नेटचा काय दोष!

मग जे मनात आलं ते बरं नव्हतं. काल मारलेला एक पत्रा रंगासाठी पडला होता. त्याच धुतलेल्या गार्नेटचा. सकाळीच नत्थुजींनी चाखला होता — ‘गोड.’ आसपास कोणी नाही बघून मी जीभ लावली.

खारट.

वांग्याची भाजी आठवली. आणि आपण हसलो होतो तेही.

सांगितलं तर गार्नेट वाचतं, आणि नत्थुजींची जीभ जाते. या शेडमध्ये त्यांना मान आहे तो तेवढाच. गप्प बसलो तर सकाळी रेती. ती उरलेली छाती घेणार. एरवी धर्मसंकटावर तासभर बोलतो मी. आज वही मिटतो.

३० एप्रिल

झोत सुरू व्हायच्या आधी पोचलो. गजेंद्रला पत्र लिहिलं. गार्नेट निर्दोष, धुण्याची चूक माझी, मीठ यंत्रानं तपासावं. तिथंच थांबलो. नत्थुजी खुर्चीमागे येऊन उभे होते.

‘वाचा.’

वाचलं.

‘अन् माही जीब?’

मी पेनाला टोपण लावलं.

‘दिवाळीच्या तापापासून कायचीच चव नाई, सर. घरी बी सांगतलं नाई.’ मग खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, दम घेत — यावेळी नाडीसाठी वाकले नाहीत — ‘लिवा माहं नाव. पन रेती नका लिवू.’