उंबऱ्यावरची ताई

चंडीगड, ६ एप्रिल २०२५

ती. वसुधाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. बाबा विसरायला लागलेत गं. परवा भाजीला म्हणून सेक्टर बावीसला गेले आणि बसस्टँडवर चिपळूणची गाडी कधी सुटते ते विचारत बसले. खिशातल्या कार्डावरचा पत्ता बघून एका सरदारजींनी ऑटोने घरी आणलं. काल मला आईच्या नावाने हाक मारली. आईला जाऊन चार वर्षं झाली! होळीपर्यंत रोज शब्दकोडं सोडवणारा माणूस, आत्या. मला फार भीती वाटते. तुला आधी काही जाणवलं होतं का?

माया आहे तशीच राहू दे.
तुझी आसावरी

चिपळूण, १३ एप्रिल

चि. आसावरीस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. अगं, हेरंब विसरणाऱ्यातला नव्हे! दिवाळीत नैवेद्य होईपर्यंत कुणी फराळाला शिवू नये म्हणून आई मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर राखणीला बसवायची. हा यायचा, लाडीगोडीने ताई म्हणायचा, की मी विरघळलेच. चकल्या पळवायचा लेकाचा.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. शिंका थांबत नाहीत असं त्याने लिहिलं होतं, म्हणून आपल्या सर्दीच्या त्या जुन्या पिवळ्या गोळ्या होळीच्या पार्सलात, मेतकुटाच्या डब्यात घालून पाठवल्या. तू रागावशील म्हणून सांगू नकोस म्हणाला. त्याला जप गं.

तुझी आत्या

चंडीगड, २१ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

मेतकुटाचा डबा उपडा केला. तळाशी गोळ्यांच्या सात रिकाम्या पट्ट्या! अगं, मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरही अशीच राखण असते. रक्तातलं पोषण आत सोडायचं, नको ते उंबऱ्याबाहेर ठेवायचं. चांगलं औषध त्या राखणीपलीकडे कसं न्यावं म्हणून मी दिवसभर प्रयोगशाळेत डोकं फोडते. या जुन्या गोळ्या मात्र बेधडक आत शिरतात आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रमात टाकतात. आणि माझ्याच घरात मला हे दिसू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. लाज वाटली.

डॉक्टरांनी त्या बंद करून मेंदूत फारशा न शिरणाऱ्या नव्या दिल्यात. उतार पडेल म्हणतात, पण किती, ते तेही सांगत नाहीत. तुझं पत्र बाबांच्या उशाशी ठेवलंय. काल त्यांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तू स्वतःला बोल लावू नकोस, लोभ तेवढा ठेव.
आसावरी

चंडीगड, १८ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आज नीट वाचलं. त्यात धादांत खोटं लिहिलं आहेस. चकल्या नव्हत्या, अनारसे होते. पळवायचो मी, पण त्यातले अर्धे उंबऱ्यावर बसून तू खायचीस, आणि मार मात्र मी एकट्याने खाल्ला! आसावरीला हे सांगितलं तर पोर हसता हसता रडायलाच लागली.

ताई, तू मला कधीच अडवलं नाहीस. आता या वयात तरी अडवत जा. इथलं मेतकूट संपलंय. पाठव.

नुसतं मेतकूट.

तुझा हेरंब