मान्यवरांच्या फळीवर लाउमेआ

सालेफुती, उपोलू बेट
रविवार, प्रार्थनेनंतर व जेवणापूर्वी

तीर्थरूप ताईंच्या चरणी धाकट्या भावाचा नमस्कार.

ऑकलंडच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे, हे प्रथम विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातो. कारण मागील पत्रात तुम्ही गुडघ्याला दीड पान दिले होते आणि माझी जिज्ञासा त्यात पूर्ण भागली. इकडे सर्व क्षेम आहे. नीरफणस भरपूर लागले आहेत. नवे पाद्री पापाविषयी इतके सविस्तर बोलतात की पाप करायला कोणाला सवड उरत नाही. आणि तुमचे थोरले चिरंजीव ताविता, ज्यांना गावाने गेल्या वर्षी लाउमेआ हा गावप्रमुखाचा किताब दिला (तुमच्या संमतीने आणि माझ्या मौनाने), ते परवापासून आपल्या विद्यापीठाचे मान्यवर माजी विद्यार्थी झाले आहेत. हे वाचताना तुम्ही बसलेल्या असाल, अशी आशा करतो.

विद्यापीठाला पन्नास वर्षे झाली. त्यानिमित्त कुलगुरू पेनहॅलो बाईंनी (मूळच्या होबार्टच्या, हेतूने सज्जन) नव्या सभागृहात एक लांबरुंद लाकडी फळी लावून तिच्यावर मान्यवर माजी विद्यार्थी व प्राध्यापक यांची नावे कोरून घेतली. मी यादी शांत चित्ताने वाचली. पहिले नाव एका रग्बीपटूचे आहे. ग्रंथालयाशी त्याचा संबंध एकदाच आला, तो छपरावर गेलेला चेंडू काढताना. दुसरे एका मंत्रिमहोदयांचे. त्यांनी तर्कशास्त्राचा पेपर माझ्याकडे चार वेळा दिला आणि अखेर स्वतःला देशाला दिले. प्राध्यापकांच्या रांगेत सहा आठवडे राहून आपल्या लोकांवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे एक गृहस्थ आहेत, आणि बाकीचे सगळे नोकरी सोडून परदेशी गेलेले. यावरून मी नियम काढला तो असा : जो गेला तो मान्यवर, जो राहून शिकवीत बसला तो कर्मचारी. मी एकतीस वर्षे शिकवीत बसलो. माझे नाव नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, केवळ नियमाला पुष्टी म्हणून लिहितो.

या यादीत एकच नाव निर्विवाद होते : लाउमेआ. म्हणजे आपले पेतेलो, तुमच्या मुलाच्या आधी हा किताब ज्यांच्याकडे होता ते. सागरशास्त्रातले आपल्या बेटांवरचे पहिले डॉक्टर. आपल्याच खाजणात त्यांनी महाकाय शिंपले वाढवले, प्रत्येकाच्या कवचावर रंगाने क्रमांक घातला आणि तीन वर्षे त्यांची वाढ मोजली. पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे. ताविता तेव्हा पहिल्या वर्षाला होता. त्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी एका शनिवारी ते संशोधन नारळाच्या घट्ट दुधाबरोबर खाल्ले. कवचे धुऊन, क्रमांकानुसार लावून, पेतेलोंच्या दारात ठेवली (याला तो आजही प्रामाणिकपणा म्हणतो). शिस्त समितीचा अध्यक्ष मी होतो. त्याचा बचाव एका वाक्याचा होता : “मामा, मी विचारलं होतं त्यांना, मोजून झालं का म्हणून. ते म्हणाले, झालं.” मी त्याला काढून टाकले, आणि त्यानंतर तुम्ही वर्षभर माझ्या घरी जेवला नाहीत. पेतेलोंनी मात्र पुन्हा पहिल्यापासून शिंपले वाढवले आणि त्यांवरच नाव मिळवले. म्हणून ते नाव फळीवर राहावे, अशी माझी मनापासून इच्छा होती. ही इच्छा लक्षात ठेवा. पुढील सर्व प्रकार तिच्यापायी घडला.

पेतेलो दोन वर्षांपूर्वी वारले, याचा पत्ता विद्यापीठाच्या त्या कार्यालयाला नव्हता (माजी विद्यार्थ्यांशी ‘अखंड संपर्क’ ठेवणारे कार्यालय ते हेच). त्यांनी निमंत्रण धाडले ते ‘माननीय लाउमेआ, मुक्काम सालेफुती’ या नावाने. ते योग्य पत्त्यावर पोहोचले, योग्य नावाच्या माणसाला मिळाले आणि त्याने ते योग्य रीतीने स्वीकारले. शुक्रवारी सगळे गाव तीन बस भरून आपियाला निघाले : बारीक विणीच्या चटया, दोन भाजलेली डुकरे, बँड, आणि सर्वांत पुढे उघड्या अंगाला तेल चोळलेले तुमचे चिरंजीव. मला जाणे भाग होते. लाउमेआ बसतो आणि सिलिआतो (सध्या मी) त्याच्या वतीने बोलतो, हे आपल्या घराण्याचे काम माझ्या मतावर अवलंबून नाही. ज्याला मी विद्यापीठातून घालवले त्याची थोरवी त्याच विद्यापीठात गाण्यासाठी वक्त्याची काठी आणि काथ्याची चवरी घेऊन मी बसमध्ये चढलो. शेजारी डुक्कर होते. दोघेही समारंभासाठी सजलो होतो.

दाराशी पेनहॅलो बाई हातात पेतेलोंचे छायाचित्र घेऊन उभ्या होत्या. त्यांनी छायाचित्राकडे पाहिले, ताविताकडे पाहिले आणि म्हणाल्या, “हे ते नाहीत.”

“हेच ते,” गाव एका सुरात म्हणाले.

“पण फोटोतले गृहस्थ...”

“ते वारले, बाई,” म्हातारी फिआपाइपाइ म्हणाली. “माणूस मेला. लाउमेआ कशाला मरेल? तुमच्याकडे माणसाबरोबर नाव पण पुरतात का काय?”

एवढ्यात कुलसचिवांनी ताविताला ओळखले आणि बाईंच्या कानात शिंपल्यांची कथा सांगितली. बाईंचा चेहरा आपल्या मागच्या पांढऱ्या भिंतीच्या रंगाचा झाला. मला बाजूला घेऊन त्यांनी सौम्यपणे सांगितले, की हा इसम व्यासपीठावर चढला तर त्यांना ते नाव फळीवरून रंध्याने काढावे लागेल. इकडे मागून आपले चुलते मला सांगत होते, “सिलिआतो, पोराला दारातनं परत पाठवलं ना, तर आपण उद्या तोंड कुठे दाखवायचं? तूच बघ बाबा.” एकीकडे पेतेलोंचे नाव, दुसरीकडे गावाची अब्रू, आणि मधोमध, ताई, तुमचा मुलगा, जो मला विचारत होता, “मामा, जेवण आधी आहे का भाषणं?”

तोवर गाव लाउमेआला घेऊन सभागृहात जाऊन बसले होते. मी बोलायला उभा राहिलो. बाईंचा पूर्वपक्ष सरळ होता : शिकला तो एक, आलेला दुसरा, म्हणून मान पहिल्याचा. मी एवढेच विचारले, की विद्यापीठाची सागरी प्रयोगशाळा आमच्या किनाऱ्यावर उभी आहे, ती कोणाच्या शब्दावर? लाउमेआच्या. कोणत्या लाउमेआच्या? पेतेलोंच्या आजोबांच्या. लाउमेआ माणसाबरोबर मरत असेल, तर तो शब्दही तेव्हाच मेला आणि प्रयोगशाळा इतकी वर्षे आमच्या वाळूत निमंत्रणावाचून उभी आहे. पेनहॅलो बाई हुशार आहेत. निष्कर्ष येण्यापूर्वीच त्या खाली बसल्या.

मग कुलसचिव उठले आणि त्यांनी शिस्त समितीचा जुना निकाल तोंडपाठ म्हणून दाखवला : ‘सदर इसमाचा या संस्थेशी यापुढे कोणत्याही प्रकारे संबंध राहू नये.’ भाषा ओळखीची वाटली. चांगली होती. मी म्हणालो, की निकाल अचूकच आहे. परंतु तो तावितावर आहे, आणि तावितासाठी येथे कोणी आलेले नाही. राहता राहिला शिंपल्यांचा प्रश्न. खाजण लाउमेआचे. त्यातले शिंपले वाढवले लाउमेआने. मोजले लाउमेआने. आणि आज या सभागृहात जो बसला आहे तो लाउमेआ, म्हणून खाल्लेही लाउमेआनेच. ज्याने स्वतःच्या खाजणातले, स्वतः वाढवलेले शिंपले स्वतः मोजून मग खाल्ले, त्याला चोर म्हणणारे शास्त्र मला शिकवलेले नाही, आणि ते शास्त्र येथे मीच शिकवीत होतो. गावाने बाके बडवली. कुलसचिव, जे माझेच विद्यार्थी, वहीत काहीतरी तपासू लागले.

यानंतर बाईंनी, केवळ शिष्टाचारापायी, लाउमेआंना सागरी जीवनावर दोन शब्द बोलायला सांगितले. तुमचे चिरंजीव उठले, थोडे खाकरले आणि म्हणाले, “शिंपल्यांशी माझं नातं जुनं आहे. फार जवळचं. त्यांच्याबद्दल मला आजही तितकंच वाटतं.” टाळ्या थांबेनात. पाहुण्या शास्त्रज्ञ बाईंनी डोळे पुसले. सायंकाळपर्यंत ताविता शिंपले संवर्धन समितीचा अध्यक्ष झाला होता. ताई, माझ्या आयुष्यात मी इतका निर्दोष युक्तिवाद केला नाही, आणि इतक्या निर्दोष युक्तिवादातून इतका मूर्ख निष्कर्ष निघालेला पाहिला नाही. पेतेलोंचे नाव मात्र फळीवर राहिले. गाव डुकरे खाऊन, गात घरी आले.

फळी, मानपत्रे, मान्यवर, या सगळ्या बालिश हौसा आहेत. ज्याने शिकवले त्याला आपण शिकवले हे ठाऊक असते. ते लाकडात कोरून कोणाला दाखवायचे? माझ्यापुरता हा विषय संपला. गुडघ्याला नारळाचे कोमट तेल लावावे.

आपला आज्ञांकित भाऊ,
सिलिआतो

ता. क. – फळीवर प्राध्यापकांच्या रांगेत, अगदी तळाशी, एका नावाची जागा मोकळी राहिली आहे. पेनहॅलो बाईंनी काल मला विचारले. मी अर्थातच नकार दिला. परंतु आपल्याकडे बहिणीचा शब्द भावाला मोडता येत नाही, हे त्यांनाही आता माहीत झाले आहे (मीच सांगितले). तुम्ही मला आज्ञा केलीत तर माझा नाइलाज होईल. आज्ञेचा मसुदा सोबत जोडला आहे. तो पुरेसा कडक आहे. खाली फक्त सही करून परतीच्या विमानाने धाडावा. सुतार गुरुवारी येतो.

दुसरे ता. क. – तुमचे धाकटे चिरंजीव मालाकाई शुक्रवारच्या भाषणापासून रोज सकाळी (म्हणजे काल आणि आज) माझ्यासाठी माशाचे सूप आणतात, झोप लागली का विचारतात, जिन्यावर हात देतात आणि माझ्या चवरीकडे पाहतात. माझ्यानंतर सिलिआतो हा किताब कोणाकडे जायचा, हे तुम्ही जाणता. तो मुलगा अजून एकही परीक्षा उत्तीर्ण झालेला नाही, पण गुरुवारनंतर तो मान्यवर प्राध्यापक होण्यापासून माझ्या मृत्यूइतक्या, म्हणजे एकाच सुपाच्या, अंतरावर असेल. म्हणून मसुद्यात ‘सिलिआतो’च्या पुढे मी ‘(आपेला)’ असे घातले आहे. आईने ठेवलेल्या त्या नावाने मला हाक मारणाऱ्या आता तुम्ही एकट्याच उरला आहात, तेव्हा ते कोरण्याची आज्ञाही तुम्हीच करू शकता. शुक्रवारचा माझा युक्तिवाद बिनचूक होता आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. मला फक्त कंस हवा आहे.