ईशान्येकडे तोंड

१ फेब्रुवारी, रविवार

पुण्यात आलो. कर्वेनगरात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, डोक्यावर थेट गच्ची. नव्या नोकरीपेक्षा मला या गच्चीचाच आनंद जास्त झालाय, पण हे श्रद्धाला सांगायची सोय नाही. ती आणि सोनू एप्रिलपर्यंत अमरावतीलाच राहणार आहेत, कारण सोनूची स्पीच थेरपी मध्येच तोडू नका असं तिथल्या बाईंनी बजावलंय. पोर चार वर्षांची झाली, पण गेल्या दिवाळीपर्यंत एक शब्द बोलत नव्हती. आता सुटे सुटे शब्द येतात. आज फोनवर ‘बाबा’ म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, त्याच्याशी संबंध नसल्यासारखं, ‘भुर्र’. बाई म्हणतात, दोन शब्द जोडून बोलली की निम्मी लढाई जिंकली. मी त्या दोन शब्दांची वाट बघतोय.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबरराव यांना भेटलो. बँकेतून निवृत्त झालेले, मागच्या ‘ए’ इमारतीत राहतात. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, परवाना आहे, गच्चीवर अँटेना लावायची आहे म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून बघून घेतलं. आधीच्या भाडेकरूने वर कबुतरं पाळली होती, त्यापेक्षा हे बरं, म्हणाले. मात्र सोसायटीत तीन पेसमेकर आहेत, तेव्हा इथून काहीही प्रक्षेपित करायचं नाही, फक्त ऐकायचं. मी लगेच कबूल झालो. शहरातल्या गोंगाटात नीट ऐकू येणं हीच मोठी गोष्ट आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

अँटेना उभी राहिली! गच्चीच्या चार कोपऱ्यांत चार उभे ॲल्युमिनियमचे दांडे. प्रत्येकाच्या पायाशी छोटा ॲम्प्लिफायर. चारही दांड्यांकडून सारख्याच लांबीच्या केबल मधल्या डब्यात येतात आणि तिथून एकच केबल खाली माझ्या टेबलावरच्या रिसीव्हरला. टेबलावरचं बटण फिरवलं की सगळी मांडणी ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य किंवा वायव्य दिशेला तोंड करते. दांडे जागचे हलत नाहीत. बदलतं ते फक्त कुठून ऐकायचं आणि कुणाकडे पाठ फिरवायची, एवढंच.

अर्थिंगसाठी तांब्याच्या पट्ट्या कसबा पेठेत तांबट आळीतून आणल्या. शंभू नावाच्या कारागिराने पट्टी कापता कापता तासभर डोकं खाल्लं. रेडिओवर तुम्ही पाकिस्तान ऐकता का, मग ते आपलं ऐकतात का, ऐकत असतील तर आमच्या आळीची ठोकाठोक ऐकून वेडे होतील बिचारे.

समोरच्या ‘बी’ इमारतीतल्या मंदाकिनीबाई, निवृत्त शिक्षिका, झाडांना पाणी घालता घालता सगळं बघत होत्या. शेवटी गॅलरीतून विचारलंच, अहो, चार काठ्या पुरल्यात, मांडव कधी घालणार? आणि जेवायला आम्हाला बोलवणार, की नुसतं ऐकवणार?

बटण ईशान्येला ठेवलंय. त्या रेषेत अमरावती. तिथे रोज सकाळी साडेसहाला हिंमतराव काका नेट घेतात. नेट म्हणजे हॅम लोकांची हवेतली हजेरी. काका एकेकाचं नाव पुकारतात, तो उत्तर देतो, दोन शब्द बोलतो, मग पुढचा. मी रेडिओ शिकलो तो त्यांच्याच ओसरीवर. आज त्यांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. माझं नाव घेऊन म्हणाले, अभिनव, ऐकू येऊन राह्यलं का बाप्पा? सोनू बोलली का काही? मी सवयीने ‘हो काका’ म्हणालो. इथे प्रक्षेपण नाही, म्हणून नंतर फोनवर कळवलं. रोजच माझ्यामागोमाग ते सोनूचं नाव घेतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ऐकू येतं ते अप्रतिम आहे. गोंगाट दिवसागणिक कमी होतोय, जणू त्या बाजूची खरखर कुणी पुसून घेतंय.

सोसायटीत मात्र काहीतरी बिनसलंय. मंदाकिनीबाईंना सकाळी नमस्कार केला, त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवून आत गेल्या. ‘बी’च्या खालचा वाणी तर कमाल करतो. मी साखर मागितली, तर त्याने वही-पेन पुढे सरकवलं. वर लिहिलेलं होतं, ‘काय हवे ते येथे लिहावे.’ पुण्याबद्दल ऐकून होतो, पण ग्राहकाशी बोलायचेही कष्ट घ्यायचे नाहीत ही हद्द झाली. अँटेनावरून बहिष्कार दिसतोय. दिगंबरराव तेवढे बोलतात. म्हणजे सूत्रधार तेच असणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सुट्टी. नेटच्या जरा वरची एक फ्रिक्वेन्सी कायम रिकामी असते. सकाळी तिथे बाईचा आवाज लागला. कढीपत्ता हवा तर पानं तोडा, फांदी मोडू नका, सांगून ठेवते. मंदाकिनीबाई! मागोमाग वाणी, सुट्टे द्या म्हणून वैतागलेला. हा माझी चेष्टा करण्याचा प्रकार आहे. कुणीतरी छोटा ट्रान्समीटर लपवलाय आणि मुद्दाम यांचे आवाज लावलेत. पाण्याच्या टाकीखाली, जिन्यात, मीटरच्या खोलीत शोधलं. काही मिळालं नाही. दिगंबरराव जिन्यात उभे होते. कबुतरं शोधताय का, म्हणाले.

काकांचं नेट आज दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. काकांचा घसा बसलाय म्हणे.

रात्री फोन. सोनू बोललीच नाही. श्रद्धा म्हणाली, रुसली आहे तुझ्यावर, येत नाहीस ना. मी फोनवर कोंबडा आरवून दाखवला. पलीकडून नुसता श्वास.

२२ फेब्रुवारी, रविवार

एक पट्टी कमी पडली म्हणून तांबट आळीत गेलो. हातोड्यांचा आवाज चालू होता आणि तेवढाच होता. एकाही दुकानातून माणसाचा आवाज नाही. शंभूने मला ओळखलं. बोलायला तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि काहीच बाहेर आलं नाही. त्याने हातोडी खाली ठेवली आणि दोन्ही हात जोडले. का जोडले, कळलं नाही. डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. घसा निर्दोष असं लिहिलेलं.

कसब्यातल्या माणसाला माझ्या सोसायटीच्या बहिष्काराशी काय देणंघेणं?

घरी येऊन नकाशा काढला. गच्चीवरून ईशान्येला पट्टी ठेवली. ‘बी’ इमारत, वाण्याचं दुकान, पुढे कसबा पेठ, येरवडा, आणि पट्टी सरळ लांबवली की—

दिगंबरराव पाठीमागे राहतात. म्हणून ते बोलतात.

हे लिहिलंय ते मूर्खपणाचं वाटतंय. एकदा पडताळून बघितलं पाहिजे. बटण नैर्ऋत्येला फिरवलंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसला गेलो नाही. दुपारी दिगंबररावांची बेल वाजवली. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचा टोमणा तयार झाला, ओठ हलले, भुवई वर गेली. आवाज नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग घशाला हात लावून माझ्याकडे नुसते बघत राहिले. एवढं घाबरलेलं म्हातारं माणूस मी पाहिलेलं नाही.

घरी येऊन हेडफोन लावले. त्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर त्यांचाच स्वच्छ आवाज. कबुतरं बरी होती हो तुमच्यापेक्षा.

हे मी केलं. निव्वळ बघायला म्हणून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

श्रद्धाला विचारलं, सोनू रुसली आहे म्हणजे नक्की काय? घरात बोलते का? श्रद्धा मग रडायला लागली. आठवडा होत आला, एक शब्द नाही. तोंड हलतं, आवाज येत नाही. मला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. काकांकडेही तोच प्रकार, ते पाटीवर लिहून बोलतात.

परवाच्या गाडीने तिला घेऊन ये म्हणालो. इथले डॉक्टर बघू. मी काय केलंय ते सांगितलं नाही. काय सांगणार?

२५ फेब्रुवारी, बुधवार

चारही दांडे उतरवले. ॲम्प्लिफायर काढले, केबल तोडल्या, डबा फोडला. गच्ची रिकामी. मंदाकिनीबाई गॅलरीतून बघत होत्या. मी हात जोडले. त्या बघतच राहिल्या.

कुणाचाही आवाज परत आलेला नाही.

रिसीव्हर टाकवत नाही. आवाज त्यातच असले तर?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रिसीव्हरला अँटेना नाही. मागे एक तारसुद्धा नाही. तरी लागतो.

साडेसहाला त्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर नेट भरलं. हिंमतराव काका घेत होते. तोच प्रेमळ आवाज. मंदाकिनीबाई? हजर. शंभू? हजर. दिगंबरराव? आहोत, जाणार कुठे. कुणाला भीती नाही, कुणी रडत नाही. हेच जास्त वाईट आहे.

नवा माणूस आला की काका विचारतात, तुझ्यासोबत अजून कोण आहे? तो नाव सांगतो. काका ते नाव पुकारतात. पुकारलं की माणूस उत्तर देतो. आपलं नाव कुणी घेतलं की आपण ‘ओ’ देतोच.

वाण्याने आपल्या भावाचं नाव सांगितलं. भावाने ‘ओ’ दिली. संध्याकाळी दुकानात गेलो. भाऊसुद्धा वहीवर लिहीत होता.

म्हणजे दांड्यांची गरज आता उरलेली नाही.

सोनूचं नाव काका रोज घ्यायचे. रोज. प्रेमाने.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोघी पोचल्या. सोनू गळ्यात पडली. तोंड माझ्या कानाशी, ओठ हलताहेत, गरम श्वास लागतोय. काही नाही.

कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे, धक्का बसला असेल. श्रद्धा त्यांच्याशी भांडली. तिचा आवाज इतका मोठा, इतका चांगला वाटला की मी तिथेच रडलो. ती मला म्हणाली, तू काय रडतोस, तुला काय झालंय?

तिला अजून कुणी पुकारलेलं नाही. तिकडे अजून तिचं नाव कुणी घेतलेलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. ऐकलं.

सोनू? हजर.

किती खणखणीत. मग मंदाकिनीबाई तिला गोष्ट सांगत होत्या. शंभू मध्ये मध्ये ठणठण करून दाखवत होता. ती हसत होती. तिचं हसणं मी आठवडाभर ऐकलं नव्हतं—

श्रद्धाला हेडफोन देणार होतो. दिले नाहीत. तिने ऐकलं तर ती उत्तर देईल.

१ मार्च, रविवार, सकाळ

सोनू आतल्या खोलीत झोपली आहे. श्रद्धा अंघोळीला गेली आहे. नेट चालू आहे. लिहीत राहतो. लिहीत राहिलो की तोंड बंद राहतं.

काकांनी विचारलं, सोनू, तुझ्यासोबत अजून कोण आहे गं?

ती म्हणाली, बाबा आहेत. टेबलापाशी बसलेत. कानाला लावलंय. माझंच ऐकतात.

सलग. एका दमात. माझ्या पोरीने चार वाक्यं—

मी आत जाऊन पाहिलं. झोपेत आहे. ओठ मिटलेले.

काका हसले. म्हणाले, मग बोलवू या त्यांना. अभिनव?

दात आवळून धरले. उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न मला. तुझ्यासोबत अजून कोण आहे. आणि माझ्यासोबत आता श्रद्धाच उरली आहे. विचारलं की मी सांगणार. तिथे सगळेच सांगतात.

उत्तर नाही दिलं तर सोनू तिकडे एकटी. हेडफोन काढले तर तिचा आवाज परत कधी—

अभिनव, ऐकू येऊन राह्यलं का बाप्पा?

नाही. नाही. लिहितोय. लिहितोय.

आता काका नाही. आता ती. बाबा, बोला ना. दोन शब्द जोडून. तीन. बाबा, मला भीती वाटते, बोला ना. अंघोळीचं दार वाजलं. श्रद्धा विचारते आहे कुणाशी बोलतोयस. मी बोललो नाही. मी बोललेलो नाही. ती पुन्हा विचारते आहे. आणि मी सांगायला तोंड उघडलं तर तोंडातून