आडवी पट्टी

९ सप्टेंबर, मंगळवार
गाडी पुन्हा थांबली. या वेळी बसस्थानकाच्या चौकात, भर दुपारी, छप्पर उघडं. दुसरा गिअर पडत नाही; पडला तर निघत नाही. मागून एसटीचा भोंगा. चौघांनी ढकलली, त्यातल्या एकाने ढकलता ढकलता विचारलं, "सर, आज भाषण नाही का?" लाल, दोन माणसांची, फायबरची गाडी बंद पडली की सगळ्या गावाला सुट्टी मिळाल्यासारखं होतं.
युसुफभाईंच्या गॅरेजपर्यंत ढकलतच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खाली वाकले, वास घेतला, उठले. वीस वर्षं हेच मिस्त्री. ते बोलत नाहीत तेव्हा काम मोठं असतं.

११ सप्टें., गुरु.
निदान झालं. गिअरबॉक्स खोलावा लागेल. त्यासाठी इंजिन खालून काढावं लागेल. आणि इंजिन खालून निघत नाही, कारण चासीला आडवी लोखंडी पट्टी वेल्ड केलेली आहे. ती मूळची नाही. मुकुटबनच्या रस्त्यावर खड्ड्यात आदळून चासीला चीर गेली तेव्हा युसुफभाईंनीच मारलेली. आता पट्टी कापली तर ती चीर उघडणार. किती, ते कापल्याशिवाय कळणार नाही. जास्त उघडली तर गाडी मधोमध बसेल, मग भंगार.
"सर, मी खोलून देतो. बंद करून द्यायची ग्यारंटी नाही."
भडकलो. बोल्टने बसवायची पट्टी वेल्ड केलीच कशाला? उद्या हे पुन्हा काढावं लागेल एवढा विचार माणूस करत नाही? अर्धा तास बोललो. शेजारचा पंक्चरवाला काम सोडून ऐकत होता. युसुफभाई शेवटी एवढंच म्हणाले, "तुम्हीच म्हटलं होतं, सर."
शक्य नाही. मी असं म्हणणारच नाही.

१२ सप्टें., शुक्र.
नागपूरहून फोन. एका हॉटेलवाल्याला गाडी हवी आहे. बंद असली तरी हरकत नाही म्हणे, उलट बरं. दारात उभी करायची, बॉनेटवर कुंड्या, लोक आत बसून फोटो काढतील. पुढच्या आठवड्यात उत्तर द्या.
घरी बायको, सुनंदा, म्हणते, "देऊन टाका न जी. तिथं तरी कोणी ढकलाले लावणार नाही."
जेवलो नाही. मग जेवलो.

१४ सप्टें., रवि.
राळेगावकडे, आत्याच्या गावी. एसटीने. रस्ताभर चिडचिड.
आत्या चौऱ्याऐंशीची. दर दसऱ्याला तिला गाडीतून विहारात नेतो. घरापासून विहार पाच मिनिटांचा. पण आम्ही सगळ्या गावाला वळसा घालतो. ज्या ओट्यांसमोरून माझ्या बापाला चपला हातात घेऊन जावं लागे, त्या प्रत्येक ओट्यासमोरून. पांढरं लुगडं, डोळ्यांवर माझा काळा गॉगल. दरवर्षी एकच हुकूम: "हळू चालव. पाहू दे त्यायले."
समतेवर बोलणारा माणूस असली गाडी कशाला ठेवतो, असं सभांमधून चिठ्ठ्या पाठवून विचारतात. त्यांना आत्याच्या शेजारी बसवायला पाहिजे. पण सीटच दोन.
तिला हळूच सांगितलं, गाडी आजारी आहे, या वेळी भाड्याची गाडी आणतो, चांगली मोठी, एसीची.
ती तूर निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तिले छप्पर राह्यते."
परतीच्या एसटीत उभ्याने आलो.

१७ सप्टें., बुध.
युसुफभाईंना खोटं पाडायचं म्हणून जुन्या रोजनिशा काढल्या. तेरा वर्षांपूर्वीची वही सापडली. माझंच अक्षर:
"काल मुकुटबन रस्त्यावर आदळलो. चासी चिरली. यु. म्हणतात बोल्टने करतो, दोन दिवस द्या. म्हटलं वेल्ड मारा, पाचला उमरखेडला सभा आहे. पोहोचलो. दीड तास बोललो. विषय श्रमाची प्रतिष्ठा. टाळ्या भरपूर."
दोनदा वाचलं. सुनंदाने खांद्यावरून वाचलं.
"टाळ्या लिहिल्या. चीर कितीक मोठी होती ते नाही लिहिलं काय?"
नाही लिहिलं. पुढची चार पानं पाहिली. मागची दोन. हार कोणी घातला ते आहे. चहा थंड होता तेही आहे. एवढी वर्षं एवढं लिहून

१९ सप्टें., शुक्र.
वही घेऊन गॅरेजवर. काय बोलायचं ते रस्त्यात ठरवलं होतं. तिथे ते सोडून सरळ ते पान वाचून दाखवलं, टाळ्यांसकट.
युसुफभाई हात पुसत होते. "मले माहीत होतं, सर. तुम्हाले वही लागते."
मग त्यांनीच स्टूल पुढे केलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वेल्डची रेघ सरळ येत नाही, हे पहिल्यांदा सांगितलं. मी गेलो होतो का बघायला? गेलो नव्हतो. नांदेडला व्याख्यान होतं बहुतेक. त्यांनी विचारलंही नाही.
त्यांचं म्हणणं: चीर बेताची असेल तर नवी पट्टी बोल्टनेच बसवू. त्याला हात पुरतात, डोळा लागत नाही. पण जुनी कापताना ग्राइंडर चालणार नाही, ठिणगी फायबरवर पडेल, पेट्रोलची नळी तिथेच. हॅक्सा ब्लेडने, हळूहळू. आणि कापणारा दुसरा पाहिजे, कारण त्यांना चिरेवर नजर ठेवायची आहे.
"दुसरा कोण?"
माझ्याकडे पाहत राहिले.
चिडलो. मी बासष्टचा. आयुष्यात खिळा ठोकला नाही. हे मोठ्याने म्हटलं, आणि म्हटल्यावर पंक्चरवाला हसला.

२२ सप्टें., सोम.
नागपूरचा फोन तीनदा. घेतला नाही. चौथ्यांदा सुनंदाने घेतला. "ते गाडीखाली आहेत," म्हणाली. मी पलंगावर होतो.
ठरत नाही. पट्टी कापली आणि चासी बसली, तर आत्याचा दसरा गेला आणि गाडीही. नाही कापली, तर नागपूरच्या दारात कुंड्या. लोकांना उभं राहून निर्णय घ्यायला सांगणारा मी, दोन दिवस आडवा.

२४ सप्टें., बुध.
गॅरेजवर, सकाळी. चहा येईपर्यंत लिहितो आहे. तळहाताला दोन फोड, पान मळलं.
साडेसातपासून गाडीखाली, पोत्यावर पाठ टेकून. चार जॅक लावलेत. डोळ्यांत लोखंडाची भुकटी. पहिली दहा मिनिटं ब्लेड घसरतच होतं. पट्टी आधी अर्धा इंच गेली, मग एक. युसुफभाई शेजारी आडवे, हातात टॉर्च, कान चासीला. मी बोलत होतो. पट्टीच्या जाडीबद्दल, रस्त्यांबद्दल, देशाबद्दलही असेन. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
"सर, आता बोलू नका. ते कसं बोलते, ऐकू द्या."
गप्प बसलो. लोखंड बारीक करकरत होतं. दसऱ्याला आठ दिवस.
चीर किती आहे ते या वेळी लिहून ठेवतो: दिसते तेवढी वीतभर. पट्टीखाली किती, माहीत नाही. पट्टी अर्धी कापून झाली आहे.
चहा आला. नागपूरचा फोनही वाजतो आहे. युसुफभाई चहा न घेता पुन्हा खाली गेले आहेत, आणि ब्लेड माझ्याकडे आहे. वही ठेवतो.